माळ्यावरचा निळा ठोकळा: कोबाल्ट नेटवर्क्सचं नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका जुन्या ऑफिसचा माळा साफ करताना निळ्या रंगाचा चौकोनी ठोकळा सापडला. समोर आडवी पट्टी, मागे दोन ओळींचा छोटा डिस्प्ले आणि बाणांची बटणं, अंगावर ‘कोबाल्ट’ हे नाव. शोधाशोध केल्यावर कळलं की ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्स या मोठ्या अमेरिकी संगणक कंपनीने दोन अब्ज डॉलरला विकत घेतली आणि तीन वर्षांत तिचा माल बंद केला. तर एवढे पैसे कशाचे मोजले, आणि हा ठोकळा आज काही कामाचा आहे का?

ठोकळ्याचं नाव क्यूब, म्हणजे छोट्या ऑफिसची वेबसाइट आणि मेल चालवणारा सर्व्हर. तो कामाचा आहे का, ते शेवटी सांगतो. पैसे कशाचे मोजले हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं सहसा दिलं जाणारं उत्तर (‘सर्व्हर लहान केला म्हणून’) मला अर्धवट वाटतं. कोबाल्टच्या मशीनवर मी बरीच वर्षं होस्टिंग (इतरांच्या वेबसाइट ठेवायचा धंदा) चालवलं आहे. सर्व्हर लहान होता हे खरंच, पण लोक पैसे देत होते ते सर्व्हर सांभाळणारा माणूस लागत नाही म्हणून.

१९९६-९७ साली छोट्या ऑफिसला स्वतःचा मेल आणि वेबसाइट हवी असेल तर काय करावं लागायचं ते आठवून बघा. एक टॉवर पीसी घ्यायचा, त्यावर लिनक्स किंवा बीएसडी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मिळाला तर नशीब. मग मेल पोचवणारं सेंडमेल. सेंडमेलची मूळ कॉन्फिगरेशन फाइल ज्याने हाताने दुरुस्त केली आहे त्याला मी वेगळं काही सांगायला नको. त्यानंतर डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या बाइंडच्या झोन फाइली, त्यात एक टिंब राहिलं की सगळं डोमेन गायब. वेबची पानं देणारं अपाचे त्यातल्या त्यात सोपं. हे सगळं करणारा माणूस मिळणं कठीण, आणि मिळाला तरी त्याचा पगार मशीनच्या किमतीपेक्षा जड. दुसरा रस्ता म्हणजे सन किंवा एसजीआयचं महागडं मशीन. ते दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसच्या आवाक्यातलंच नव्हतं.

१९९६ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत माउंटन व्ह्यूला सुरू झालेली ‘कोबाल्ट मायक्रोसर्व्हर’ ही कंपनी या फटीत शिरली. विवेक मेहरा, मार्क वू आणि मार्क ऑर हे संस्थापक. पुढे स्टीफन डिविट मुख्य अधिकारी झाला आणि कंपनीचं नाव ‘कोबाल्ट नेटवर्क्स’ झालं. १९९८ च्या वसंतात पहिला क्यूब बाजारात आला, किंमत हजार डॉलरच्या आतून सुरू. प्रत्येक बाजू साडेसात इंचांच्या आसपास, गडद निळा रंग, समोर चालू झाल्यावर पेटणारी हिरवी पट्टी. कीबोर्ड नाही, मॉनिटर नाही, माउस नाही.

आत इंटेलचा प्रोसेसर नव्हता. १५० मेगाहर्ट्झचा, मिप्स जातीचा प्रोसेसर होता. त्या काळी ही जात राउटर, प्रिंटर, गेमचे डबे अशा ठिकाणी जायची: स्वस्त, कमी वीज खाणारी, तापायला संथ. त्यावर विंडोज एनटी चालवायचं तर मायक्रोसॉफ्टच्या मर्जीवर राहावं लागलं असतं. लिनक्सचा सोर्स (मूळ कोड) मोकळा होता, म्हणून तो मिप्सवर नेणं कंपनीच्या स्वतःच्या हातात होतं. अपाचे, सेंडमेल, ऑफिसात फाइली वाटून देणारं साम्बा या सगळ्यांचाही सोर्स हाताशी, तेव्हा तेही मिप्ससाठी कंपाइल करून घेता आले. ऑपरेटिंग सिस्टिमचे पैसे कोणाला द्यायचे नव्हते, त्यामुळे हजार डॉलरच्या किमतीत नफ्याला जागा उरली. ‘लिनक्सवर धंदा होतो का?’ असा वाद तेव्हा परिषदांमधून रंगायचा. कोबाल्टने क्यूबच्या जाहिरातीत लिनक्सचा फार गाजावाजाही केला नाही. फ्रिज घेताना आत कुठला वायू फिरतो हे आपण विचारत नाही, तसाच सर्व्हर विकला जावा, हा त्यांचा आग्रह.

त्याच वर्षी दुसरं मशीन आलं आणि खरा इतिहास त्याने घडवला. नाव ‘रॅक’, फक्त इंग्रजी स्पेलिंग शेवटी क्यू लावून. आम्ही ऑफिसात त्याला ‘रॅक्यू’ म्हणायचो, नाहीतर कशात काय बसवलंय तेच कळायचं नाही. इथेही तेच म्हणतो.

रॅक्यू म्हणजे क्यूब चपटा करून डेटा सेंटरच्या कपाटात सरकवायचा. उंची १ यू, म्हणजे पावणेदोन इंच. पूर्ण उंचीच्या कपाटात असे ४२ यू मावतात. डेटा सेंटरवाले जागेचं भाडं यूवर लावतात, त्यामुळे होस्टिंगच्या धंद्यात उंची म्हणजे थेट पैसा. त्या वेळचे बहुतेक सर्व्हर तीन-चार यूचे असायचे, आणि कित्येक होस्टिंगवाले तर सरळ टॉवर पीसीच फळ्यांवर ओळीने मांडून ठेवायचे. १ यूचे डबे पुढे सगळ्यांनीच काढले, पण त्या आकाराचा स्वस्त, तयार वेब सर्व्हर बाजारात रुळवला तो कोबाल्टने.

हा डबा सुरू कसा व्हायचा ते जरा जवळून सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पुढच्या बाजूला दोन ओळींचा एलसीडी, शेजारी चार बाण आणि दोन लहान बटणं. वीज आणि नेटवर्कची वायर जोडली की यथावकाश एलसीडीवर आयपी पत्ता (मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) मागितला जायचा. बाण दाबून एकेक आकडा वर-खाली करायचा, मग सबनेट मास्क, मग गेटवे, आणि शेवटी सेव्ह. डेटा सेंटरमधल्या रात्रपाळीच्या पोराला लिनक्सचा ‘लि’ माहीत नसला तरी हे जमायचं. पुढचं सगळं ब्राउझरमधून. पोर्ट ८१ वर (त्याच पत्त्याच्या वेगळ्या दारावर) ॲडमिनचं पान उघडायचं, पासवर्ड ठरवायचा, ‘नवी साइट’ दाबायचं, डोमेन आणि आयपी भरायचा, झालं. अपाचेचा व्हर्च्युअल होस्ट (त्या साइटची नोंद), मेलचं खातं, एफटीपी, डीएनएसच्या नोंदी, सगळं मागच्या मागे लिहिलं जायचं. मशीन व्यवस्थित बंद करायचं तरी एलसीडीवरूनच. तेव्हाची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ईएक्सटी २ असल्यामुळे हे महत्त्वाचं होतं. कोणी थेट वायर ओढली की पुढच्या वेळी डिस्क तपासणी संपेपर्यंत बसा वाट बघत, आणि समोर स्क्रीन नसल्यामुळे आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

आम्ही ही मशीनं अमेरिकेतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेऊन इथून सांभाळायचो. तेव्हा भारतात बँडविड्थ इतकी महाग होती की इथे सर्व्हर ठेवायचा विचारच कोणी करत नसे. डायल-अपवर ते ॲडमिनचं पान रांगत रांगत उघडायचं, पण उघडायचं. न पाहिलेलं, कधी हात न लावलेलं मशीन सात समुद्रापलीकडे चालवायचं आणि त्यावर सांगली-कोल्हापूरच्या कारखानदारांच्या वेबसाइट ठेवायच्या, हा धंदा त्या पोर्ट ८१ मुळे शक्य झाला. ग्राहकाला त्याच्या साइटपुरता वेगळा लॉगिन देता यायचा. ‘साहेब, नवीन क्लार्क आलाय, त्याचा ईमेल काढून द्या’ अशा फोनांपैकी निम्मे बंद झाले, कारण ते आता ग्राहक स्वतःच करू शकत होता.

त्रास नव्हता असं नाही. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे वापरकर्त्यांची नावं. एका रॅक्यूवर शंभर साइट असल्या तरी युजरनेम अख्ख्या मशीनमध्ये एकच एक चालायचं, कारण आत साधी युनिक्सची पासवर्ड फाइल होती. पहिल्या ग्राहकाने ‘इन्फो’ घेतलं की बाकीच्या नव्व्याण्णव जणांना ते नाव नाही. मग आतमध्ये भलतंच काहीतरी नाव ठेवायचं आणि त्यावर ‘इन्फो’ हा एलियस (टोपणनाव) चढवायचा. ग्राहकाला पत्ता बरोबर दिसायचा, पण लॉगिन करताना वेगळंच नाव टाकायचं हे त्याला दर महिन्याला नव्याने समजावून सांगावं लागे. दुसरं म्हणजे, टेलनेटने (दुरून आज्ञा टाइप करायच्या सोयीने) आत शिरून अपाचेची फाइल हाताने बदलली की वेबचं पान बिथरायचं. पान त्याच्या स्वतःच्या नोंदींवर चालायचं, त्या आणि खरी फाइल यांचा मेळ सुटला की पुढचा प्रत्येक बदल भलतीकडे जायचा. त्यामुळे नियम असा पडला की एकतर सगळं पानावरून करा, नाहीतर सगळं हाताने करा. मधला रस्ता नाही. आजच्या कुठल्याही कंट्रोल पॅनेलला हाच नियम लागू आहे, फार काही बदललेलं नाही.

१९९९ च्या शेवटी आलेल्या रॅक्यू ३ मध्ये कोबाल्टने मिप्स सोडून एएमडीचा के६-२ घेतला, ३०० मेगाहर्ट्झचा. रॅक्यू ४ मध्ये तोच ४५० चा. माझ्या मते हा निर्णय अटळ होता. बाहेरची जी सॉफ्टवेअर सोर्सशिवाय मिळत ती इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठीच बनलेली असत, आणि ग्राहक त्यांचाच हट्ट धरत. पण त्यातून एक गोष्ट हातची गेली. मिप्सवर असताना कोबाल्टचं मशीन हे कोबाल्टचंच होतं. के६-२ आल्यावर आत उरला तो एक चपटा पीसी आणि वर ते वेबचं पान. चपटा पीसी तर डेल, कॉम्पॅक, कोणीही बनवू शकत होतं, आणि बनवलेही. २००० च्या सुमारास डेलचं पॉवरॲप आलं, कॉम्पॅकचं टास्कस्मार्ट आलं.

पैशांकडे वळू. ५ नोव्हेंबर १९९९ ला कोबाल्टचा शेअर बाजारात आला. विक्रीची किंमत २२ डॉलर, दिवस संपताना भाव १२८ च्या वर. कंपनी तोट्यात होती, पण तेव्हा त्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. लिनक्सच्याच धंद्यातली रेड हॅट ऑगस्टमध्ये शेअर बाजारात येऊन गेली होती, डिसेंबरमध्ये व्हीए लिनक्स यायची होती. लिनक्स नावाला जो भाव त्या चार-पाच महिन्यांत आला तो आधी नव्हता आणि नंतरही बराच काळ नव्हता. फरक इतकाच की कोबाल्टकडे विकायला खरोखरची वस्तू होती आणि ती घेणारे खरोखरचे होस्टिंगवाले होते.

सप्टेंबर २००० मध्ये सनने कोबाल्ट घेत असल्याचं जाहीर केलं. किंमत दोन अब्ज डॉलर, रोख नव्हे, सनच्या शेअरमध्ये. डिसेंबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला. हा ‘शेअरमध्ये’ तपशील लोक विसरतात. सनचा भाव त्याच सुमारास आयुष्यातल्या शिखरावर होता. २००२ उजाडून संपेपर्यंत तो पाच डॉलरच्याही खाली गेला होता. म्हणजे ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांच्या हातात त्या दोन अब्जांतलं फारच थोडं उरलं. आणि सनच्या बाजूनेही दोन अब्ज हे फुगलेल्या कागदाचेच होते. ‘एवढे पैसे’ हा आकडा ऐकताना हे लक्षात ठेवायचं.

सनला कोबाल्ट कशाला हवी होती हे मात्र समजण्यासारखं आहे. सन स्वतःला ‘डॉट कॉममधला डॉट’ म्हणवून घ्यायची. मोठी वेब कंपनी म्हणजे सनची मोठी मशीनं, हे समीकरण पक्कं होतं. पण खालच्या टोकाला हजार-दोन हजार डॉलरच्या लिनक्सच्या डब्यांनी होस्टिंगचा बाजार खायला सुरुवात केली होती, आणि तिथे सनकडे देण्यासारखं काही नव्हतं. कोबाल्ट घेतली की तेही टोक हातात.

मग घोडं कुठे अडलं? सनचा सगळा नफा स्वतःचा स्पार्क प्रोसेसर आणि सोलारिस ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम यांवर होता. कोबाल्टचं मशीन एएमडी आणि लिनक्सवर. घरात आलेली ही सून सासूच्या चुलीलाच हात घालत होती. व्यवहार पूर्ण होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी २००१ मध्ये, सनने नेट्रा एक्स १ काढला: १ यू, स्पार्क, सोलारिस, किंमत ९९५ डॉलर. म्हणजे दोन अब्जांना घेतलेल्या मालासमोर घरचाच माल, त्याच उंचीचा, त्याच किमतीच्या टप्प्यात. सनच्या विक्रेत्याने होस्टिंग कंपनीत जाऊन काय विकायचं? लाखो डॉलरच्या मशीनवर कमिशन मिळवणारा माणूस रॅक्यूचं माहितीपत्रक बॅगेतून बाहेर तरी काढेल का?

त्यात डॉट कॉमचा (इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा) फुगा फुटला. रॅक्यूचा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे होस्टिंगवाला, आणि तोच बुडाला. बंद पडलेल्या कंपन्यांची जवळजवळ नवी मशीनं लिलावात कवडीमोलाने मिळू लागली. आम्हाला त्याचा फायदाच झाला, पण ज्या कंपनीला नवं मशीन विकायचं आहे तिचा सगळ्यात मोठा स्पर्धक तिचंच जुनं मशीन झालं.

सॉफ्टवेअरची देखभालही ढेपाळली. याचा एक नमुना विसरता येणार नाही असा आहे. रॅक्यू ४ सुरक्षित करण्यासाठी सनने एक जादा पॅकेज दिलं होतं, नावच ‘सिक्युरिटी हार्डनिंग पॅकेज’. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्ट या संगणक-सुरक्षेच्या संस्थेने इशारा काढला की या पॅकेजमधल्याच एका सीजीआय (वेबवरून चालणाऱ्या) प्रोग्रॅममधून बाहेरचा कोणीही मशीनवर रूटचे, म्हणजे सर्वेसर्वाचे, अधिकार मिळवू शकतो. ज्याने पॅकेज बसवलंच नव्हतं तो सुखात, ज्याने काळजीपोटी बसवलं तो उघडा. सनने यावर पॅच दिला, आणि त्या पॅचचं काम काय, तर ते पॅकेज काढून टाकणं.

त्याच सुमाराच्या तिमाहीत सनने आधीच्या खरेद्यांपोटी ताळेबंदातून दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कमी केली. त्यातला मोठा हिस्सा कोबाल्टचा. पेंटियम ३ वाला रॅक्यू ५५० हे २००२ मधलं शेवटचं मशीन. तांत्रिकदृष्ट्या ते सगळ्यांत चांगलं होतं आणि सगळ्यांत उशिरा आलं. २००३ संपताना सगळी मालिका बंद झाली.

एक बरं झालं, जाता जाता रॅक्यू ५५० च्या त्या वेबपानाचा सोर्स मोकळा केला गेला. जपानमधल्या कोबाल्टप्रेमींनी त्यातून ब्लूक्वार्ट्झ बनवलं, पुढे त्यातून ब्लूओनिक्स आलं. साध्या लिनक्स मशीनवर कोबाल्टसारखा कारभार करायचा असेल तर ते बसवता येतं. पण बाजार घेतला तो सीपॅनेल आणि प्लेस्क यांनी. त्यांनी डबा विकलाच नाही, कुठल्याही लिनक्स मशीनवर चढणारं पान विकलं आणि महिन्याचं भाडं घेतलं. कोबाल्टने शोधलेली खरी वस्तू तीच होती. फक्त ती त्यांनी पत्र्याच्या डब्याबरोबर फुकट दिली आणि पैसे डब्याचे घेतले. क्यूबची घरगुती बाजू सिनॉलॉजी, क्यूनॅप यांच्या नॅसच्या (नेटवर्कवर फाइली ठेवणाऱ्या) डब्यांत गेली. कीबोर्ड-स्क्रीन नसलेला, ब्राउझरमधून चालणारा, आत लिनक्स असलेला ठोकळा आज अनेकांच्या घरी टीव्हीमागे बसलेला असतो.

‘लहान सर्व्हर’ हीच कल्पना घेऊन नंतर आलेल्या कंपन्यांशी तुलना करून बघा. टेक्ससमधल्या आरएलएक्सने २००१ मध्ये ट्रान्समेटाचा गार चालणारा प्रोसेसर घेऊन ३ यूमध्ये २४ सर्व्हर उभे बसवले. ब्लेड सर्व्हरची (पातळ पात्यांसारख्या सर्व्हरची) सुरुवात तिथली. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत वू-चुन फेंग यांनी त्याच ब्लेडांचा २४० चा समूह वातानुकूलनाशिवाय चालवून दाखवला. पण एचपी, आयबीएम, डेल ब्लेड घेऊन उतरल्यावर आरएलएक्सला हार्डवेअर सोडावं लागलं, आणि २००५ मध्ये एचपीनेच ती गिळली. सीमायक्रोने २०१० मध्ये १० यूमध्ये इंटेलचे ५१२ छोटे ॲटम प्रोसेसर कोंबले. एएमडीने २०१२ मध्ये ३३४ दशलक्ष डॉलर देऊन ती घेतली आणि २०१५ मध्ये तो धंदा बंद केला. मोबाइलमध्ये असतात त्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवर पैज लावणारी कॅलझेडा २०१३ च्या शेवटी गुंडाळली. या सगळ्यांनी घनता (कमी जागेत जास्त सर्व्हर) विकली, आणि घनता मोठ्या कंपन्या वर्ष-दोन वर्षांत गाठतात. कोबाल्टकडे घनतेशिवाय आणखी काहीतरी होतं. म्हणूनच तिचं वाया जाणं मला जास्त खटकतं.

आता तुमचा ठोकळा. तळाशी किंवा मागे मॉडेल बघा. पहिला क्यूब किंवा क्यूब २ असेल तर आत मिप्स आहे आणि संग्राहकांना तो हवा असतो. क्यूब ३ असेल तर आत के६-२ आहे. मिप्सवाल्या मशीनसाठी नेटबीएसडी या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळी आवृत्ती ठेवलेली आहे, हौस असेल तर तो रस्ता धरा. मूळची सिस्टिम चालू झाली तरी इंटरनेटला मात्र अजिबात जोडू नका. त्यातल्या वेब आणि मेलच्या सॉफ्टवेअरला वीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही, आणि आजचे ब्राउझर तिच्याशी सुरक्षित जोडणी करणारही नाहीत. घरी फाइली ठेवायला म्हणून विचार करत असाल तर एखादा साधा नॅस किंवा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक त्याच्या कितीतरी पट काम कमी विजेत करेल.

चालू करायच्या आधी झाकण उघडून कपॅसिटर फुगलेत का ते बघा, पंखा बोटाने फिरवून बघा. डिस्क जुन्या आयडीई जातीची आहे. ती काढून यूएसबीच्या ॲडॉप्टरला लावली की लिनक्समध्ये वाचता येते. आणि भंगारात देणार असाल तर ही डिस्क आधी पुसा. क्यूब ऑफिसचा मेल सर्व्हर म्हणून वापरला जायचा, तेव्हा त्या ऑफिसातल्या प्रत्येकाची जुनी पत्रं आत जशीच्या तशी असण्याची दाट शक्यता आहे. ऑफिसचे जुने मालक ओळखीचे असतील तर डिस्क पुसण्याआधी त्यांना एक फोन करा.